शासनाचा निर्णय गल्लीपर्यंत पोहोचताना: नागपूरच्या नवख्या नागरिकासाठी मार्गदर्शक

आमच्या ले-आउटमध्ये (भूखंड पाडून बसलेल्या वस्तीत) गडरलाइनसाठी, म्हणजे सांडपाण्याच्या वाहिनीसाठी, निधी मंजूर झाल्याची बातमी वर्तमानपत्रात आली, तेव्हा मी तिचे कात्रण जपून ठेवले आणि पंधरा दिवसांनी ते घेऊन एका कार्यालयात गेले. समोरच्या बाबूंनी ते शांतपणे वाचले आणि परत देताना म्हणाले, "ताई, पेपरच्या कात्रणावर बिल निघत नाही. जीआर घेऊन या ना." त्या वाक्यानंतर लाइन प्रत्यक्ष पडेपर्यंत जवळजवळ दोन वर्षे गेली, आणि त्यातील निदान एक वर्ष तरी माझ्या अज्ञानामुळे वाया गेले. शासन निर्णय, म्हणजेच जीआर, कुठे मिळतो, तो कसा वाचायचा, पैसा कुठून कुठे जातो आणि कोणता प्रश्न कोणाला विचारायचा, हे मला तेव्हा कोणी सांगितले असते तर ते वर्ष वाचले असते. म्हणून हे लिहिते आहे. उदाहरण गडरलाइनचे असले तरी रस्ता, शाळा, शिष्यवृत्ती किंवा घरकुल यांच्या धोरणांचा प्रवासही बहुतांशी याच वाटेने होतो.

सुरुवात करण्यापूर्वी काही वस्तू हाताशी ठेवाव्यात: भूखंडाच्या विक्रीपत्राची प्रत, ज्यावर मौजा (महसुली गाव) आणि खसरा क्रमांक (जमिनीचा महसुली क्रमांक) असतो, ले-आउटच्या नकाशाची प्रत, नियमितीकरण झाले असल्यास ज्याला आपण सगळे 'आर.एल.' म्हणतो ते पत्र आणि भरलेल्या डिमांड नोटची, म्हणजे नियमितीकरणाच्या रकमेच्या मागणीपत्राची, पावती. मालमत्ता कराची पावती, कारण तिच्यावर झोन आणि प्रभाग लिहिलेला असतो. दहा रुपयांची काही कोर्ट फी तिकिटे. आणि एक जाड वही. वहीत तारीख, कार्यालय, भेटलेल्या अधिकाऱ्याचे पदनाम आणि आवक क्रमांक एवढेच लिहावे. मी पहिले चार महिने वही ठेवली नाही, आणि पुढे अपील लिहिताना कोणत्या तारखेला काय दिले हे मला सांगता आले नाही.

१. बातमी, घोषणा आणि निर्णय वेगळे करा

मंत्री सभेत बोलतात ती घोषणा असते. मंत्रिमंडळाच्या बैठकीत प्रस्ताव संमत होतो तो मंत्रिमंडळाचा निर्णय. परंतु खालच्या कार्यालयाने ज्याच्या आधारे हालचाल करायची तो कागद म्हणजे संबंधित विभागाने काढलेला शासन निर्णय होय, आणि मंत्रिमंडळाच्या बैठकीनंतर तो निघायला कधी काही दिवस तर कधी काही महिने लागतात, कारण मधल्या काळात वित्त विभागाची सहमती, अटींचा मसुदा आणि लाभार्थ्यांची किंवा कामांची यादी ठरायची असते. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६६ प्रमाणे राज्याचा कारभार राज्यपालांच्या नावाने चालतो. म्हणूनच प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' ही ओळ असते. ती ओळ आणि तिच्याखालची स्वाक्षरी नसलेला कागद हातात आला, तर तो कितीही अधिकृत दिसला तरी मसुदा समजावा.

बातमीतील शब्दांकडेही नीट पाहावे. 'तत्त्वतः मान्यता' म्हणजे कल्पना पटली आहे, पैसा नाही. 'प्रशासकीय मान्यता' म्हणजे ठरावीक रकमेपर्यंत ते काम करण्यास संमती मिळाली. 'तांत्रिक मान्यता' म्हणजे सक्षम अभियंत्याने अंदाजपत्रक तपासले. त्यानंतर निविदा आणि मग कार्यारंभ आदेश. बातमीत 'मंजूर' हा एकच शब्द या सगळ्यांसाठी वापरला जातो आणि गल्लीतले लोक उद्यापासून खोदकाम सुरू होईल असे समजून बसतात.

२. कागद कोणत्या पायरीवरचा आहे ते ओळखा

सर्वांत वर राज्यघटना, तिच्याखाली संसदेचा किंवा विधिमंडळाचा अधिनियम, अधिनियमाखाली नियम आणि अधिसूचना, त्याखाली शासन निर्णय, आणि त्याहून खाली परिपत्रक व आदेश, अशी ही उतरंड आहे. खालचा कागद वरच्या कागदाला छेद देऊ शकत नाही. हे वाक्य पुस्तकी वाटते, पण नागपूरने त्याची किंमत फार जवळून पाहिली आहे.

झीरो माइलजवळ गोवारी स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, हिवाळी अधिवेशनाच्या काळात, अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांचा मृत्यू झाला. वादाच्या मुळाशी अनुसूचित जमातींच्या यादीतील 'गोंड गोवारी' ही नोंद होती, आणि २४ एप्रिल १९८५ च्या एका शासन निर्णयाने त्या नोंदीची ओळख कशी पटवायची हे सांगितले होते. अनुसूचित जमातींची यादी अनुच्छेद ३४२ खाली राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरते आणि तिच्यात भर घालण्याचा किंवा वगळण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे, त्यामुळे मुंबईत किंवा नागपुरात बसलेल्या कोणत्याही सरकारला एका जीआरने हा प्रश्न कायमचा सोडवणे शक्य नव्हते. पुढे गोवारींचा समावेश विशेष मागास प्रवर्गात झाला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. आपली मागणी लहान असो वा मोठी, ती ज्या पायरीवर सुटते त्याच पायरीवरच्या दाराशी न्यावी लागते. मोर्चाला सामोरे येणारे मंत्री निवेदन घेतात, पण तो विषय त्यांच्या अधिकारात आहे की नाही हे आपणच आधी पाहिलेले बरे.

आमच्यासारख्या ले-आउटांचेही तसेच. गुंठेवारीचा, म्हणजे परवानगीशिवाय लहान तुकडे पाडून विकलेल्या भूखंडांचा, अधिनियम २००१ चा. २०२१ मध्ये विधिमंडळाने त्यात सुधारणा करून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना आणि भूखंडांना नियमितीकरणाची वाट दिली. ही तारीख अधिनियमात असल्यामुळे ती पुढे ढकला असे स्थानिक अधिकाऱ्याला सांगण्यात अर्थ नाही. डिमांड नोटमधील आकारणी चुकली असेल तर मात्र तेच योग्य दार आहे.

३. शासन निर्णय शोधा आणि तो शेवटाकडून वाचा

महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णयांचे स्वतंत्र पान आहे. तिथे विभाग, तारीख, शीर्षकातील शब्द किंवा संकेतांक यांवरून शोध घेता येतो. संकेतांक लांबलचक असतो. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस, एवढे कळले तरी व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या जीआरची तारीख लगेच लक्षात येते. शीर्षकात शासकीय भाषा असते, म्हणून 'गडरलाइन' असे शोधून काही मिळणार नाही. 'मलनिस्सारण', 'मूलभूत सोयी-सुविधा', 'विशेष अनुदान' असे शब्द टाकावे लागतात. मला आमचा जीआर तिसऱ्या दिवशी सापडला, तोही शेजारच्या निवृत्त लिपिकांनी हे शब्द सुचवल्यावर.

कागद मिळाल्यावर वरपासून वाचत बसू नये. प्रस्तावना सर्वसाधारणपणे उदात्त असते आणि तिच्यात आपल्या कामाचे काही नसते. मी पुढील क्रमाने वाचते. आधी शेवटची 'प्रति' ही यादी, कारण त्यावरून हा कागद नागपुरात कोणाकोणाला गेला हे कळते. मग सोबत जोडलेले विवरणपत्र, ज्यात कामांची नावे आणि रकमा असतात. मग लेखाशीर्ष, म्हणजे पैसा कोणत्या खात्यातून पडणार तो लांब आकडा. मग 'नियंत्रण अधिकारी' आणि 'आहरण व संवितरण अधिकारी' (कोषागारातून पैसा काढून वाटणारा) म्हणून कोणाला नेमले आहे तो परिच्छेद. मग अटी. आणि सर्वांत शेवटी वरच्या बाजूचा 'वाचा' किंवा 'संदर्भ' हा भाग, कारण तिथे दिलेले जुने जीआर उघडल्याशिवाय बऱ्याच अटींचा अर्थ लागत नाही.

निर्णयाचा क्रमांकही बोलका असतो. त्यात वर्ष, 'प्र.क्र.' म्हणजे प्रकरण क्रमांक, आणि शेवटी विभागाचे संक्षिप्त नाव व कार्यासनाचा आकडा असतो. 'नवि' म्हणजे नगर विकास, आणि पुढचा आकडा मंत्रालयातील त्या विशिष्ट मेजाचा. पत्र 'मा. सचिव' यांना पाठवण्यापेक्षा पत्त्यात हे कार्यासन आणि प्रकरण क्रमांक लिहिला, तर ते नेमक्या नस्तीत, म्हणजे फाइलीत, जाऊन बसते.

येथे सर्वांत मोठा सापळा म्हणजे शुद्धीपत्रक. जीआर निघाल्यानंतर तो दुरुस्त होतो, त्याला पुरवणी जोडली जाते किंवा तो अधिक्रमित, म्हणजे रद्द होऊन दुसऱ्याने व्यापला जातो. म्हणून त्याच विभागाचे नंतरच्या वर्षभरातील निर्णय चाळून पाहिल्याशिवाय हातातला कागद अंतिम मानू नये.

४. नागपुरात हा विषय कोणाचा, ते लेखी ठरवून घ्या

मुंबईहून आलेल्या लोकांना एक गोष्ट समजायला वेळ लागतो: या शहरात महानगरपालिका आहे, १९३६ च्या अधिनियमाखाली स्थापन झालेला नागपूर सुधार प्रन्यास आहे, आणि शहराच्या हद्दीबाहेर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे. त्यात भर म्हणून प्रन्यास बरखास्त करण्याचा निर्णय झाला आणि पुढे तो मागेही घेतला गेला, त्यामुळे काही वर्षे 'हे आता त्यांच्याकडे' आणि 'हे पुन्हा यांच्याकडे' अशी उत्तरे दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे मिळत होती. महापालिकेचे दहा झोन आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर आणि मंगळवारी. कराच्या पावतीवरून आपला झोन पाहावा आणि मगच मुख्यालयाची पायरी चढावी.

दोन कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवत असतील, तर तोंडी वाद घालू नये. एकाच मजकुराचा अर्ज दोन्हीकडे द्यावा, प्रत्येकावर दुसऱ्याचे नाव 'प्रत माहितीसाठी' म्हणून लिहावे आणि दोन्हींची पोच घ्यावी. पोच म्हणजे तारीख आणि आवक क्रमांक असलेला शिक्का. नुसती सही पुरत नाही.

५. पैशाचा माग काढा

निर्णयामागे तरतूद नसेल तर तो कपाटात राहतो. राज्याचा पैसा मार्चमधील अर्थसंकल्पातून येतो, आणि त्यात राहिलेले किंवा नव्याने सुचलेले पुरवणी मागण्यांमधून. हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते आणि पुरवणी मागण्या तिथे मांडल्या जातात, म्हणून डिसेंबरमध्ये आपल्या विभागाच्या मागणीत आपले लेखाशीर्ष आहे का हे पाहावे. जिल्हा वार्षिक योजनेचा निधी जिल्हा नियोजन समिती ठरवते, आणि तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. महापालिकेचा स्वतःचा अर्थसंकल्प आयुक्त स्थायी समितीला सादर करतात आणि तेथून तो सभागृहात जातो.

वितरित झालेला निधी वेळेत खर्च झाला नाही तर ३१ मार्चला गणित बिघडते. मुदतवाढ मिळाली नाही तर पैसा परत जातो आणि पुन्हा तरतूद मागावी लागते. आमचे एक वर्ष येथे गेले. ते कसे, हे पुढच्या टप्प्यात सांगते.

६. नस्ती स्वतः पाहा

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ बहुतेकांना माहीत असतो, पण अर्ज असा लिहिला जातो: 'आमच्या ले-आउटचे काम का झाले नाही, याची माहिती द्यावी.' याचे उत्तर मिळत नाही, आणि न देणाऱ्याचे फारसे चुकतही नाही, कारण कायद्यातील 'माहिती' म्हणजे अभिलेखात असलेली माहिती; 'का' हा प्रश्न अभिलेखात नसतो. त्याऐवजी कागद मागावेत: प्रशासकीय मान्यतेची प्रत, तांत्रिक मान्यतेची प्रत, अमुक प्रकरण क्रमांकाच्या नस्तीतील टिपण्या, निधी वितरणाचे आदेश. टिपण्या जरूर मागाव्यात, कारण नस्ती कोणत्या मेजावर किती दिवस थांबली आणि कोणी काय शंका काढली हे तिथेच दिसते.

महाराष्ट्रात अर्ज नमुना 'अ' मध्ये, एका विषयापुरता आणि सुमारे दीडशे शब्दांत द्यायचा असतो. शुल्क दहा रुपये, आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेही नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर ३० दिवसांत पहिले अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. आयोगाचे खंडपीठ नागपुरात आहे, तरी सुनावणीची पाळी यायला वेळ लागतो. म्हणून पहिला अर्जच इतका नेमका लिहावा की अपिलाची वेळ येऊ नये. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करायचा असतो, 'आमच्याकडे नाही' म्हणून परत करायचा नसतो.

याहून सोपा रस्ता फार थोड्यांना माहीत आहे. २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता यावेत अशी व्यवस्था ठरवलेली आहे. मी जीआरची प्रत सोबत घेऊन गेले, थोडा वेळ बाहेर बसवले गेले, आणि मग नस्ती समोर आली. अर्ध्या तासात सगळा उलगडा झाला. विवरणपत्रात आमच्या कामापुढे छापलेला खसरा क्रमांक आमचा नव्हता. दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती आणि तो क्रमांक पलीकडच्या मोकळ्या जागेचा निघाला. कनिष्ठ अभियंत्याने जागेवर जाऊन 'दर्शविलेल्या ठिकाणी वस्ती नाही' असा रीतसर अभिप्राय दिला होता. त्या माणसाची चूक नव्हती. पण दुरुस्ती व्हावी असे कोणालाच वाटले नाही, ३१ मार्च उलटला आणि रक्कम गेली. आम्ही वर्षभर ज्या साहेबांना 'काम का करत नाही' म्हणून भेटत होतो, त्यांच्या हातात काहीच नव्हते. गरज होती ती मंत्रालयातील एका कार्यासनाने काढायच्या एका पानाच्या शुद्धीपत्रकाची.

७. मसुदा असतानाच बोला

नियम आणि आरक्षणातील बदल पुष्कळदा आधी मसुदा म्हणून राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येतात व हरकती आणि सूचना मागवल्या जातात. प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली विकास आराखड्यात फेरबदल करायचा असेल तर त्यासाठी एक महिन्याची मुदत असते. ही सूचना लहान अक्षरांत छापलेली असते आणि मुदत संपल्यावर केलेला कितीही मोठा आरडाओरडा सुनावणीच्या नोंदीत येत नाही. हरकत लिहिताना तीन गोष्टी पुरेत: मसुद्यातील कोणते कलम, त्याने आपल्यावर काय परिणाम होतो, आणि त्याऐवजी कोणती शब्दरचना असावी. शंभर जणांच्या सह्यांच्या एकाच छापील पत्रापेक्षा वेगवेगळ्या घरांतून आलेली, मोजमापे आणि नकाशे जोडलेली दहा पत्रे अधिक वजनदार ठरतात, असा माझा अनुभव आहे.

८. हिवाळी अधिवेशनाचा उपयोग करून घ्या

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात घेण्याचे ठरले होते, आणि १९६० पासून ते येथे भरत आले आहे. आपल्याला त्याची ओळख मुख्यतः बंद रस्ते, टेकडी रोडवरचे मोर्चे आणि सिव्हिल लाइन्समधील रंगवलेल्या भिंती यांवरून असते. वास्तविक ज्यांना कार्यालयांनी उत्तर दिलेले नाही, त्यांच्यासाठी ही वर्षातील सर्वांत कामाची वेळ असते, मात्र तयारी अधिवेशन सुरू होण्याच्या बरेच आधी करावी लागते.

आपल्या आमदारांकडे निवेदन नेण्याऐवजी तयार प्रश्न न्यावा. विधिमंडळातील प्रश्नांची ठरलेली घडण असते: अमुक ठिकाणी अमुक झाले हे खरे आहे काय, असल्यास शासनाने चौकशी केली आहे काय, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत. उत्तरेही ठरावीक असतात: 'हे खरे आहे', 'हे अंशतः खरे आहे', 'हे खरे नाही', आणि शेवटी ते प्रसिद्ध 'प्रश्न उद्भवत नाही'. पहिल्या पोटप्रश्नाला 'हे खरे नाही' असे उत्तर देण्याची सोय राहिली की पुढचे सगळे प्रश्न आपोआप गळून पडतात. म्हणून पहिल्या प्रश्नात जीआरचा क्रमांक, तारीख, मौजा आणि खसरा असा भरणा करावा, जेणेकरून 'खरे आहे' याशिवाय पर्याय राहणार नाही. आमचा प्रश्न तोंडी चर्चेला आलाच नाही. पण प्रश्न स्वीकारला गेल्यावर विभागाला खालून माहिती मागवावी लागते, आणि त्या माहितीच्या निमित्ताने आमची नस्ती सहा महिन्यांनी प्रथमच हलली. मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिले असेल तर ते पाळले गेले का हे पाहणारी आश्वासन समिती असते, तिच्याकडेही लक्ष ठेवावे.

दाखले, परवाने अशा अधिसूचित सेवांसाठी हा द्राविडी प्राणायाम करू नये. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली त्यांना मुदत ठरलेली आहे, आणि मुदत चुकली तर त्याच कायद्यात अपील आहे. वैयक्तिक गाऱ्हाण्यासाठी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, त्याच दिवशी अर्ज घेऊन रांगेत उभे राहणारे पुष्कळ जण निराश होऊन परततात.

९. कार्यारंभ आदेश निघाल्यावर घरी बसू नका

आदेशाची प्रत मागून त्यातील लांबी, पाइपचा व्यास, चेंबरची संख्या आणि मुदत वहीत उतरवून घ्यावी. काम चालू असताना रोज एक छायाचित्र काढावे, ज्यात घर क्रमांक दिसेल. कंत्राटदाराचे देयक मोजमाप पुस्तिकेवरून निघते, म्हणून काम संपल्यावर तिची प्रत मागावी आणि स्वतः टेप घेऊन गल्लीत उतरावे. खोदलेला रस्ता पूर्ववत करणे हे त्याच अंदाजपत्रकात आहे की वेगळ्या कामात, हे खोदण्यापूर्वी विचारावे. आम्ही नंतर विचारले आणि एक पावसाळा चिखलातून चाललो.

आमचे शुद्धीपत्रक निघाले, निधीची पुन्हा तरतूद झाली आणि लाइन चौथ्या गल्लीपर्यंत पडली. उरलेल्या तीन गल्ल्या मूळ अंदाजपत्रकातच नव्हत्या, हे मोजमाप पुस्तिका पाहिल्यावर कळले. त्यांचा प्रस्ताव गेल्या महिन्यात दिला आहे, आवक क्रमांक वहीत आहे, आणि या वेळी खसरा क्रमांक आम्ही तिघींनी वेगवेगळा तपासून मगच लिहिला.